गाईचं इंजेक्शन आणि पऱ्हाटीचं औषध : किड्याच्या नसेतली एकच पाचर

गवळाऊ_आर्वी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यात माझं सात एकर वावर आहे. कोठ्यात तीन गवळाऊ गाई, एक जर्सी क्रॉस आणि एक बैलजोडी. यंदा श्रावणात जर्सीच्या अंगावर एवढी गोचीड झाली की कानाची पाळी आतून दिसेना. शेपटीच्या बुडाशी, कासेच्या वरच्या घडीत, जिथे हात घालावा तिथे गोचीड. शेजारच्याच दाव्याला बांधलेल्या गवळाऊच्या अंगावर मात्र बोटावर मोजण्याइतक्या. गाय आटलेली होती, म्हणून डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिन दिलं. मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरली आणि सुई कातडीखाली सरकवली. वजन अंदाजे तीनशे किलो, औषध सहा मिली.

तिसऱ्या दिवशी कानातली एक गोचीड चिमट्यानं काढून मी डबीच्या झाकणात ठेवली. रक्त प्यालेली मादी एरवी एरंडीच्या बीएवढी टरटरीत असते. (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीडच. तिकडच्या लोकांनाही ते बी पाहून हेच आठवलं.) ही मात्र उडदाएवढी, अंगावर सुरकुत्या. काडीनं टोचलं तेव्हा पुढचा एक पाय अर्धा उचलला आणि तसाच खाली पडला. तडफड नाही, थरथर नाही. पायापर्यंत निरोपच पोचत नव्हता.

त्याच आठवड्यात बोंडअळीसाठी फवारायला पुडा आणला होता. इमामेक्टिन बेंझोएट, ५ टक्के. पुडा आणि इंजेक्शनची रिकामी बाटली खिडकीत शेजारी-शेजारी पडली होती. दोन्ही नावांच्या शेवटी 'मेक्टिन'. तिथून माझं वाचन सुरू झालं आणि महिनाभर डोक्यातून हा विषय गेला नाही.

दोन्ही औषधांचं मूळ एक आहे. सत्तरच्या दशकात जपानमधल्या कावाना या जागेजवळच्या मातीत सातोशी ओमुरा यांना एक स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जीवाणू सापडला. पावसानंतर मातीला जो वास सुटतो, तो याच कुळातल्या जीवाणूंमुळे. तो जीवाणू अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाकडे गेला आणि त्यातून अव्हरमेक्टिन निघालं. त्यात थोडा बदल करून आयव्हरमेक्टिन झालं, ते १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं. दुसऱ्या जागी बदल करून पिकासाठी इमामेक्टिन झालं. २०१५ चं नोबेल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना याच कामासाठी मिळालं.

आता हे औषध बसतं कुठे? मला कळलं तसं सांगतो, चुकलो तर सुधारा. नसेची पेशी म्हणजे चारही बाजूंनी बांध घातलेली बांधी समजा. बांधाला बारीक बारीक दारं आहेत. काही दारांतून सोडियम आत येतो, तेव्हा नस पेटते आणि निरोप पुढे जातो. काही दारांतून क्लोराईड आत येतो, तेव्हा नस शांत होते. दोन्ही प्रकारची दारं वेळेवर उघडणं आणि वेळेवर मिटणं म्हणजेच किड्याचं चालणं, खाणं, उडणं.

किडे, गोचीड आणि जंत यांच्या नसांत क्लोराईडचं एक दार असं आहे की ते ग्लुटामेट नावाच्या रसायनानं उघडतं. ते दार पाच तुकडे गोल उभे करून बनलंय, मधोमध भोक. ग्लुटामेट येऊन टेकला की भोक क्षणभर उघडतं, तो गेला की मिटतं. मला वाटलं होतं आयव्हरमेक्टिन ग्लुटामेटच्याच जागी बसत असेल. तसं नाही. ते खाली, पेशीच्या चरबीच्या पडद्यात, दोन तुकड्यांच्या सांध्यात घुसतं. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी एका जंताच्या अशा दाराचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी ही जागा अणूपर्यंत पाहिली. औताच्या सांध्यात आपण पाचर ठोकतो ना, अगदी तशी. पाचर बसली की सांधा फाकलेलाच राहतो आणि दार मिटत नाही. क्लोराईड आत येतच राहतो. नस इतकी थंड पडते की तिला कितीही हाक मारा, ती उठत नाही.

माझ्या झाकणातल्या गोचिडीचा पाय अर्ध्यात पडला तो यामुळे, असं मी समजतोय. आणि पऱ्हाटीवर अळी दोन-तीन दिवस लटकलेली दिसते पण पान कुरतडत नाही, तेही यामुळेच.

जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावं ही विनंती. औषध अमुक जागीच बसतं हे प्रयोगात कळतं कसं? आणि आपल्यासारख्यांनी औषधांची फेरपालट करायची तर ती नेमकी कशाची?

ढोरांचा_डॉक्टर

दादा, मनापासून धन्यवाद. यवतमाळ जिल्ह्यात वीस वर्षं जनावरांचा दवाखाना सांभाळतोय, पण पुडा आणि बाटली शेजारी ठेवून कुणी विचारलं नव्हतं.

एक दुरुस्ती. गोचीड हा कीटक नाही. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात, ती कोळी-विंचवाच्या गोतातली. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तेवढे सहा पाय असतात. पण तुम्ही सांगितलेलं ग्लुटामेटचं दार कीटकांतही आहे, गोचिडीतही आहे आणि गोल जंतांतही आहे. म्हणून एकाच सुईत उवा, खरजेचे किडे, पोटातले गोल जंत सगळे सापडतात. पट्टकृमी आणि यकृतातल्या चपट्या कृमीवर आयव्हरमेक्टिन चालत नाही. लोक "जंताचं इंजेक्शन दिलं ना" म्हणून निर्धास्त राहतात आणि तळ्याकाठी चरणाऱ्या म्हशीचा घसा सुजत जातो.

आता गाय का मरत नाही, हे सांगतो. ते ग्लुटामेटचं क्लोराईड-दार सस्तन प्राण्यांत नाहीच. आपल्यात गाबा आणि ग्लायसिन या नस शांत करणाऱ्या रसायनांनी उघडणारी तशीच दारं आहेत आणि औषध जास्त झालं तर त्यांतही अडकतं. पण ती आहेत मेंदूत आणि पाठीच्या कण्यात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन राखणदारासारखं बसलेलं असतं, ते हे औषध पकडून परत रक्तात ढकलतं. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत या राखणदाराच्या जनुकातली चार अक्षरं गळालेली असतात, हे २००१ मध्ये कळलं. त्या कुत्र्यांना गाईच्या हिशोबानं औषध दिलं तर ते लाळ गाळत, आंधळ्यासारखे भेलकांडत कोम्यात जातात. म्हणून कळकळीनं सांगतो, गाईची उरलेली बाटली घरच्या कुत्र्याला टोचू नका. कुत्रा कुठल्या रक्ताचा आहे हे तोंडावर लिहिलेलं नसतं.

मात्रा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ टक्क्याच्या बाटलीतून ५० किलोला १ मिली. कातडीखालीच. आणि दुभत्या गाईला नाही. हे औषध चरबीत विरघळतं, दुधातून उतरतं. जर्सी आटलेली होती म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दिलं, ते योग्य केलं.

पऱ्हाटी_अकोट

दादा, लय चांगलं लिवलं. मी तं दरसाली हेच करतो ना, एका कंपनीचं मारलं का पुढच्या खेपेले दुसऱ्या कंपनीचं. दुकानदार म्हणते "औषध बदलून मारा". मंग नाव बदललं, डबा बदलला, तरी तुरीवरच्या अळ्या तशाच. तं हे 'मेक्टिन' जर दोन्ही पुड्यात असन, तं म्या काय बदललं?

नाकतोडा

पऱ्हाटी_अकोट दादा, तुमच्या प्रश्नाला येतेच, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. मी मूळची काटोलची, कीटकांच्या नसांवर प्रयोगशाळेत काम करते.

२०२० च्या मे महिन्यात आपल्याकडे टोळ आले होते ते आठवतं? मोर्शी-वरूडकडून काटोलच्या संत्र्याच्या बागांवर उतरले. माझी आई आणि शेजारच्या बाया थाळ्या वाजवत बागेत पळत होत्या. या औषधाचा अभ्यास त्याच टोळाच्या तंगडीवर सुरुवातीच्या काळात झाला. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी टोळाच्या मागच्या पायातला, उडी मारणारा स्नायू बाहेर काढला, त्यात बारीक काचेच्या सुया खुपसून विजेचा दाब मोजला आणि वरून आयव्हरमेक्टिनचा अगदी पातळ द्राव सोडला. स्नायूच्या पडद्यातून क्लोराईडची ये-जा वाढली आणि औषध धुऊन काढलं तरी ती पूर्ववत होईना. ग्लुटामेट धुतला जातो, हे नाही. मूळ लेखातली पाचरीची उपमा मला म्हणूनच फार पटली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शरीरात स्नायूला हुकूम देणारं रसायन ॲसिटिलकोलिन, आणि मेंदूत नस पेटवण्याचं मुख्य काम ग्लुटामेटकडे. कीटकात बरोबर उलट. त्यांच्या स्नायूला हुकूम ग्लुटामेट देतो आणि मेंदूत ॲसिटिलकोलिन काम करतं. कीटकनाशकं कुणाला किती बाधतात हे समजायला ही अदलाबदल फार उपयोगी पडते.

आता "बसतं" हे मोजतात कसं? फळमाशी घेतात. पिकलेल्या केळ्यावर घोंघावते ती चिलटाएवढी. हजारो माश्या एकदम गोठवतात आणि भांड्यात घालून जोरानं हलवतात. गोठलेल्या माशीचं डोकं मानेशी तुटतं. मग चाळणी. ज्वारी चाळताना जशी खडे आणि कणी वेगळी होते, तशी वरच्या चाळणीत धडं राहतात आणि खालच्या चाळणीवर डोकी. त्या डोक्यांत मेंदू असतो, म्हणजे नसांचा सगळ्यात दाट भाग. ती डोकी थंड द्रावात वाटतात, वेगानं फिरवून पेशींचे पडदे तळाशी बसवतात. दारं या पडद्यांतच असतात.

मग किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं आयव्हरमेक्टिन त्यात मिसळतात. थोडा वेळ ठेवून गाळणीतून ओढतात. सुटं औषध वाहून जातं, चिकटलेलं पडद्यांबरोबर गाळणीवर राहतं आणि किरणोत्सार मोजून ते किती हे कळतं. पण चरबीत विरघळणारं औषध कुठेही चिकटतं, काचेलाही. म्हणून दुसऱ्या नळीत साधं, बिनखुणेचं आयव्हरमेक्टिन भरपूर ओततात. खऱ्या जागा त्यानं भरून जातात, खुणेचं औषध तिथे बसू शकत नाही, आणि तरीही जे चिकटलं ते फालतू. दोन्हींची वजाबाकी म्हणजे खरी पकड. माशीच्या डोक्यातल्या जागा औषधाला इतकं घट्ट धरतात की चिमूटभराच्या अब्जाव्या भागातलं औषधही त्या भरतात.

मी शिकत असताना हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा वजाबाकीचा आकडा शून्य आला होता. चार दिवस रडकुंडीला आले. पडदे वाटताना बर्फ वितळून गेलं होतं आणि दारं नासली होती. पुन्हा केलं तेव्हा आकडा आला, आणि तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

जंतांतल्या दाराचं जनुक १९९४ मध्ये हाती लागलं, माशीतलं त्याच्या पाठोपाठ. २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. माशीच्या डोक्यात ज्या जागा आयव्हरमेक्टिन धरतात, त्या सगळ्यांत ग्लुटामेटच्या दाराचा तुकडा असतो. पण त्यातल्या काहींत गाबाच्या दाराचा तुकडाही त्याच चौकटीत बसवलेला असतो. म्हणजे दारं आपण वहीत काढतो तितकी सुटी-सुटी नसतात.

नाकतोडा

आता पऱ्हाटी_अकोट दादांचा प्रश्न. दादा, तुम्ही कंपनी बदललीत, जागा बदलली नाही.

औषध कुठे बसतं, त्यावरून जगभर त्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. इमामेक्टिन आणि अबामेक्टिन दोन्ही गट ६, कुठल्याही कंपनीचे असोत. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे गट ३अ. ती सोडियमच्या दारात अडकतात आणि ते उघडं ठेवतात, म्हणून किडा थंड न पडता थरथरत मरतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्साम, ॲसिटामिप्रिड हे ४अ, ॲसिटिलकोलिन जिथे टेकतं तिथे बसणारे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस १ब. फिप्रोनिल २ब, ते गाबाच्या दाराचं भोकच बुजवतं, आयव्हरमेक्टिनच्या नेमकं उलट. क्लोरँट्रानिलीप्रोल २८, ते तर मुख्यतः स्नायूच्या आतल्या कॅल्शियमच्या दारावर जातं.

पुड्यावर बारीक अक्षरात औषधाचं रासायनिक नाव असतं, ते वाचायचं. डब्यावरचं मोठं रंगीत नाव नाही. मागच्या फवारणीला गट ६ मारला असेल तर पुढची दुसऱ्या गटाची.

यामागचं कारण मला सगळ्यात सुंदर वाटतं. पाचर बसते त्या सांध्यात एका ठिकाणी ग्लायसिन आहे, अमिनो आम्लांतलं, म्हणजे दार ज्या मण्यांच्या साखळीनं बनतं त्या मण्यांतलं, सगळ्यात लहान. लहान आहे म्हणून पाचरीला शिरायला फट मिळते. लाल कोळ्यांमध्ये असे वंश सापडलेत ज्यांच्यात त्या ग्लायसिनच्या जागी मोठं अमिनो आम्ल आलंय. एवढ्या एका बदलानं फट बुजली. तुम्ही दुप्पट मात्रा मारा, चौपट मारा, पाचर शिरतच नाही. अशा वंशातला एक कोळी वाचला की पुढची पिढी त्याची.

पऱ्हाटी_अकोट

आता समजलं ताई. मायाजवळ तीन सालाचे पुडे हायेत माळ्यावर. रात्री काढून पायले. दोन वेगवेगळ्या नावाचे, आत इमामेक्टिनच. पैसे गेले ते गेले, पण हे मले आधी कोणं सांगतलं असतं तं बरं झालं असतं.

शेळीवाली_ताई

वाचनखूण साठवली. माझ्याकडे बेरारी शेळ्या आहेत आणि दोन म्हशी. इंजेक्शन दिलं की पंधरा दिवस बरं असतं, मग पुन्हा गोचीड. औषध कमजोर निघालं म्हणायचं का?

ढोरांचा_डॉक्टर

ताई, बहुतेक वेळा औषध कमजोर नसतं. पाचर बसायला गोचिडीनं रक्त प्यायलं पाहिजे. जी भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, दगडाच्या सांद्रीत बसलीय तिच्यापर्यंत औषध पोचणारच कसं?

आपल्याकडच्या गाईवर नेहमी दिसणारी गोचीड एकाच जनावरावर पिल्लाची मोठी होते, साधारण तीन आठवड्यांत. मग मादी रक्त पिऊन खाली पडते, फटीत शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. तुम्ही अंगावरची मारता, तोवर फटीत पुढची पलटण तयार असते. फटी चुना-सिमेंटनं बुजवा, गव्हाणीखालचा कचरा काढून जाळा, कोंबड्या कोठ्यात मोकळ्या सोडा. नवीन आणलेलं जनावर थेट आत घेऊ नका.

अमिट्राझ तुम्ही वापरत असाल. तेही नसेवरच, पण ऑक्टोपामिन नावाच्या किड्यांच्या रसायनाच्या जागी बसतं. त्यानं गोचीड अस्वस्थ होऊन तोंड सोडते आणि गळून पडते. म्हणजे अंगावर अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिन, आटलेल्या जनावराला आयव्हरमेक्टिन, अशी फेरपालट खरी फेरपालट ठरते. घोड्याला मात्र अमिट्राझ लावू नका, त्याचं आतडं बंद पडतं.

धुऱ्यावरून

हा धागा वाचून हात थांबला नाही म्हणून लिहितो.

दारव्ह्याजवळ आमचं गाव. पाच वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी, खांदेमळणीच्या दोन दिवस आधी, मी कृषी केंद्रात गेलो आणि बैलाच्या गोचिडीला काय लावू विचारलं. त्यांनी पऱ्हाटीचंच औषध दिलं, "पाण्यात टाकून पुसून काढा" म्हणाले. मी पुसलं. तासाभरात सर्जा लाळ गाळायला लागला. डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, मांडीचे स्नायू कातडीखाली किडे फिरावेत तसे उडत होते. डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यात पाहिलं, बाहुली टाचणीएवढी झालेली. ॲट्रोपिन दिलं, अंग साबणानं धुतलं, मग पुन्हा ॲट्रोपिन. पहाटे तीनला सर्जानं कडबा तोंडात घेतला. त्या वर्षी मी त्याला सजवलं नाही, पाया पडलो फक्त.

मला एवढंच विचारायचं आहे. तेही किड्याच्या नसेवरचं औषध आणि हेही. मग एक बैलाला मारतं आणि एक का नाही?

ढोरांचा_डॉक्टर

भाऊ, सर्जा वाचला हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही वर्णन केलंत ते ऑर्गॅनोफॉस्फेटचं, म्हणजे वरच्या यादीतल्या १ब गटाचं. ते दारावर बसतच नाही. नसेनं ॲसिटिलकोलिन सोडलं की काम झाल्यावर ते तोडून टाकणारं एक विकर असतं, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. हे औषध त्या विकराला जखडतं. ॲसिटिलकोलिन साचत जातं, स्नायू आणि ग्रंथी थांबतच नाहीत. आणि हे विकर किड्यात आहे, बैलात आहे, तुमच्या-माझ्यातही आहे. राखणदाराचा इथे उपयोग नाही, कारण वार मेंदूबाहेरच्या स्नायूंवर आणि ग्रंथींवरही होतो. आयव्हरमेक्टिनला गाईच्या मेंदूबाहेर बसायला जागाच जवळपास नसते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

२०१७ चा पावसाळा आमच्या जिल्ह्यातला कुणी विसरणार नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, पाठीवर पंप, तोंडाला फार तर दुपट्टा. शेकडो फवारणारे दवाखान्यात आले, वीसहून अधिक दगावले. बहुतेक मजूर, दुसऱ्याच्या वावरात फवारायला गेलेले. मी जनावरांचा डॉक्टर, पण त्या दिवसांत माझ्याकडचं ॲट्रोपिन आहे का विचारायला माणसं आली होती. तेव्हापासून कुणी जनावराला पिकाचं औषध लावतो म्हटलं की मी जागचा उठतो. इमामेक्टिनसुद्धा नाही. नाव एका कुळातलं असलं तरी पिकाच्या पुड्यातली बाकीची द्रव्यं आणि मात्रा जनावरासाठी नाहीत.

माती_आणि_मूळ

उशिरा आलो. एका गोष्टीकडे कुणी पाहिलं नाही म्हणून लिहितो: शेण.

टोचलेलं आयव्हरमेक्टिन गाय जवळपास सगळं शेणातून बाहेर टाकते, लघवीतून अगदी थोडं. आणि बरंचसं न मोडता, जसंच्या तसं. शेणात कोण येतं? शेणकिडे. त्यांच्याही नसेत तेच दार, तीच फट. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं होतं की पोटात आयव्हरमेक्टिनची सावकाश सुटणारी गोळी ठेवलेल्या वासरांच्या शेणाचे पो कुरणात शंभर दिवस होत आले तरी तसेच पडून होते. साध्या वासरांचे तोवर मातीत मिसळून गेले होते. मोठा शेणकिडा लगेच मरतोच असं नाही, पण स्पेनमधल्या शेणकिड्यांवर पाहिलंय की थोड्या औषधानंही त्यांचं वास घेणं आणि हालचाल मंदावते. शेणाचा वास न येणारा शेणकिडा काय करणार? अळ्या तर आतच मरतात.

आपल्या काळ्या मातीत शेण खाली नेण्याचं, भोकं पाडून पाणी मुरवण्याचं काम हा किडा फुकट करतो. इंजेक्शन देऊ नका असं म्हणत नाही. गोचिडीनं गाय लाल लघवी करून मेलेली मी पाहिली आहे. पण सगळ्या कळपाला पावसाळ्यात सरसकट टोचू नका, जिला गोचीड आहे तिलाच टोचा. पावसाळ्यातच हे किडे सगळ्यात जास्त काम करतात.

शेळीवाली_ताई

हे माहीतच नव्हतं. त्या शेणाचं मग काय करायचं? किती दिवस?

माती_आणि_मूळ

ताई, पहिल्या आठवड्यात शेणात औषध सगळ्यात जास्त, पुढे दोन-तीन आठवडे कमी होत जातं. तेवढे दिवस जनावर कोठ्यात बांधून वेगळ्या उकिरड्यावर शेण टाका. उघड्या चराईत नको. उकिरड्यात कुजताना औषध हळूहळू मोडतं.

गवळाऊ_आर्वी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभर मी एकटा जे उकलत होतो ते तुम्ही आठवड्यात मोकळं केलंत. नाकतोडा ताई, चाळणीचा प्रयोग मी घरी आईला वाचून दाखवला, ती म्हणाली, "माशीच्या डोक्यात एवढं असते का बाप्पा!"

माती_आणि_मूळ यांचा प्रतिसाद वाचल्यावर वावरात जाऊन आलो. इंजेक्शननंतर पाचव्या दिवशी जर्सीला धुऱ्यावर चारायला नेलं होतं, गवळाऊपैकी थोरलीही बरोबर होती. दोघींचे पो चार हातांच्या अंतरावर पडलेले मला आठवत होते, बाभळीच्या खुंटाजवळ. गवळाऊच्या पोचा आता नुसता काळपट डाग उरलाय, त्यावर बारीक मातीचे ढीग आणि बोट जाईल अशी भोकं. बोटानं उकरलं तर खाली वीतभर माती भुसभुशीत लागली. जर्सीचा पो वरून पापडासारखा वाळलेला. पहारीनं उलटला. खालची बाजू ओली, हिरवट, गवताच्या काड्या जशाच्या तशा. एकही भोक नाही. एक शेणकिडा कडेला होता, काळा, अंगठ्याच्या नखाएवढा. मी तळहातावर घेतला. पाय हलत होते, पण तळहातावरून पुढे सरकेना.

त्याला उचलून गवळाऊच्या शेणाजवळ ठेवलंय. जर्सीचा पो टोपलीत भरून आणला, कोठ्यामागे वेगळा खड्डा काढलाय त्यात टाकला. पुढच्या खेपेला इंजेक्शन तिलाच, पण उन्हाळ्यात, आणि तीन आठवडे दाव्याला.